‘किंवा समकक्ष’ म्हणजे नेमकं काय रे भाऊ?

तालुक्याच्या गावी एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, आणि भरती निघाली की ऑनलाईन फॉर्म. शेवटच्या तारखेला रात्री पावणेबारा वाजता सर्व्हर गंडलेला असतो, समोर आठ-दहा पोरंपोरी उभी असतात आणि प्रत्येकाला वाटतं आपलाच फॉर्म राहणार. अशा वेळी सगळ्यात जास्त टाईम कशात जातो माहितीये का? तुम्हाला वाटेल फोटोची साईज केबीत बसवण्यात. तर नाही, टाईम जातो शैक्षणिक अर्हतेच्या ड्रॉपडाऊनमध्ये. पोराच्या मार्कशीटवर जे नाव छापलंय ते यादीत नसतं, आणि यादीत जे असतं त्यातलं कुठलं आपलं हे त्याला माहीत नसतं. मलाही नसतं. जाहिरातीत बघावं तर तिथं लिहिलेलं असतं ‘अमुक पदविका किंवा शासनाने समकक्ष घोषित केलेली अर्हता’. हेल्पलाईनला फोन लावला तर एंगेज, लागला तर तिकडची मॅडम तीच ओळ आपल्याला वाचून दाखवते.

मग काय, अंदाजे एक ऑप्शन निवडायचा, खाली ‘दिलेल्या माहितीची सर्व जबाबदारी माझी राहील’ यावर टिक करायची आणि हजार रुपये भरून टाकायचे. (२०२३ च्या तलाठी भरतीला ओपनला हजार आणि मागासवर्गीयांना नऊशे रुपये फी होती, ज्यांना हा आकडा लहान वाटतो त्यांनी एकदा माझ्या काउंटरवर येऊन उभं राहावं.) पुढं पोरगं वर्षभर अभ्यास करणार, पेपर देणार, यादीत नाव येणार, घरी पेढे वाटले जाणार, आणि मग कागदपत्र पडताळणीला टेबलापलीकडचा माणूस म्हणणार की तुझी डिग्री चालत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की पात्रता हा प्रश्न पडताळणीच्या टेबलावर किंवा कोर्टात सुटायचा नसतो, तो जाहिरात निघायच्या आधी मंत्रालयात सुटला पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं. पण गेल्या पंचवीस वर्षांतले या विषयावरचे मोठे खटले काढून बघितले तर बहुतेक ठिकाणी घोळ या एकाच जागी आहे असं मला दिसतं.

आता दोन निकाल शेजारी ठेवून बघा. केरळात वीज मंडळाच्या सब-इंजिनिअरच्या पोस्टला डिप्लोमा मागितला होता, बी.टेक.वाल्यांनी अर्ज केले, लोकसेवा आयोगाने बाहेर काढले. २०१० साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वरची डिग्री असेल तर खालची त्यात आलीच, यांना बाहेर काढू नका. झालं, तेव्हापासून देशभरचे वकील हा निकाल खिशात घेऊन फिरायला लागले. मग जम्मू-काश्मीरच्या वीज खात्यात टेक्निशियन-३ ची पोस्ट निघाली, दहावी प्लस आयटीआय, आणि इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेली पोरं म्हणाली आमचा डिप्लोमा आयटीआयच्या वरचाच आहे की. डिसेंबर २०१८ मध्ये न्या. लळीत आणि न्या. चंद्रचूड यांच्या बेंचने सांगितलं, नाही चालणार. कोणती पात्रता कोणाच्या बरोबरीची हे नोकरी देणाऱ्याने ठरवायचं, कोर्ट स्वतःच्या मनाने यादीत भर घालणार नाही.

वरवर बघितलं तर हे उलटसुलट वाटतं, ग्रुपवर पोरं म्हणतातच की बेंच बदललं की न्याय बदलतो. पण खरी गोष्ट वेगळी आहे. केरळच्या सेवा नियमात ‘जी वरची पात्रता खालची पात्रता गृहीत धरते ती चालेल’ अशा अर्थाचा नियम आधीपासून लिहिलेला होता. काश्मीरच्या भरतीत तो नव्हता. म्हणजे सगळा फरक एका लिहिलेल्या ओळीचा. केरळात ती ओळ होती म्हणून पोरं आत गेली, दुसरीकडे ती नव्हती म्हणून बाहेर राहिली. आता मला सांगा, ही ओळ लिहायला कुठल्या खात्याला काय खर्च येतो?

आणि ‘जास्त शिकलेला म्हणजे चांगलाच’ हे जे आपल्या डोक्यात बसलंय ना, ते पण एकदा तपासून घ्यायला पाहिजे. ओडिशात पंजाब नॅशनल बँकेने शिपाई पदाची जाहिरात काढली होती, अट होती बारावी पास आणि ग्रॅज्युएट नको. एक पोरगा ग्रॅज्युएट होता, त्याने अर्जात ते लिहिलंच नाही, सिलेक्ट झाला, नंतर उघडं पडलं. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि नोव्हेंबर २०२० मध्ये कोर्टाने बँकेची बाजू घेतली. आमच्या दुकानात यावर मोठी चर्चा झाली होती, निम्मे म्हणाले शिकला हा काय गुन्हा झाला? मलाही आधी तसंच वाटलं. पण नीट विचार केला तर ती जागा ज्याच्यासाठी ठेवली होती तो बारावी होऊन थांबलेला पोरगा आहे, त्याला दुसरीकडे फारसे फॉर्मच भरता येत नाहीत. ग्रॅज्युएटला निदान दहा दारं आहेत, उघडत नसली तरी आहेत. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत २०२४ ला १७,४७१ जागांना साडेसतरा लाखांच्या वर अर्ज आले, अट बारावीची, आणि मैदानावर धावणाऱ्यांत इंजिनिअर किती होते ते तेव्हाच्या बातम्यांत वाचलं असेल तुम्ही. वरून सगळे खाली उतरले की सगळ्यात खालचा कुठे जाणार हा प्रश्न कोणी विचारत नाही. बँकेची अट कडक होती पण स्पष्ट होती, आधीच छापलेली होती, म्हणून मला तो निकाल पटतो.

आता माझ्या दुखऱ्या जागेवर येतो. मी स्वतः डी.एड. आहे, हे आधी सांगून टाकतो म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की हा पक्षपाती आहे. आहेच मी पक्षपाती. बारावी सायन्सला चांगले मार्क पडले असताना घरच्यांनी डी.एड.ला घातलं, कारण तेव्हा डी.एड. म्हणजे दोन वर्षांत नोकरी असं गणित होतं, गल्लोगल्ली कॉलेजं निघाली होती, संस्थाचालकांची चंगळ होती. आम्ही पास झालो आणि भरती आटली, २ मे २०१२ ला तर शासनाने शिक्षक भरतीवर बंदीच घातली, आणि आमच्या बॅचमधले निम्मे आज हॉटेल, प्लॉटिंग नाहीतर माझ्यासारखं दुकान करतायत.

अशात २८ जून २०१८ ला एनसीटीईने, म्हणजे शिक्षकांची पात्रता ठरवणाऱ्या केंद्राच्या परिषदेने, अधिसूचना काढली की पहिली ते पाचवीला बी.एड.वालेही चालतील, फक्त नियुक्तीनंतर दोन वर्षांत सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करायचा. आमच्या लोकांचा जळफळाट झाला. पण मुद्दा जळण्याचा नाहीये. बी.एड. हा वरच्या वर्गांना विषय शिकवण्यासाठी आहे, डी.एड. हा सहा वर्षांच्या पोराला अक्षर ओळख कशी करून द्यायची, बेरीज चिंचोक्यांवर कशी शिकवायची यासाठी आहे. एक वर आणि एक खाली असं काही नाही, कामंच दोन वेगळी आहेत. आणि गंमत म्हणजे हे सुप्रीम कोर्टाने २००३ सालीच केरळच्या एका प्रकरणात सांगून ठेवलं होतं, की प्राथमिकच्या नोकरीसाठी बी.एड. ही वरची पात्रता धरता येत नाही. म्हणजे २०१८ ला ज्यांनी अधिसूचना काढली त्यांच्यासमोर पंधरा वर्षांपूर्वीचा निकाल पडलेला होता. तरी दिल्लीच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाकडून निर्देश आला आणि परिषदेने शिक्का मारला. नोव्हेंबर २०२१ ला राजस्थान हायकोर्टाने ती अधिसूचना रद्द केली आणि ११ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

निकाल बरोबर आहे असं मी तेव्हाही म्हणलं आणि आताही म्हणतो. पण त्या दिवशी आमच्या डी.एड.च्या ग्रुपवर जे फटाके फुटत होते ते बघून मला जरा कसंतरीच झालं. कारण २०१८ ते २०२३ या पाच वर्षांत ज्या लाखो पोरांनी सरकारी राजपत्रावर विश्वास ठेवून फॉर्म भरले त्यांनी कुठला नियम मोडला होता?

छत्तीसगडचं बघा. तिथं मे २०२३ मध्ये सहायक शिक्षकांची जाहिरात निघाली, बी.एड. चालत होतं. जूनमध्ये परीक्षा झाली. ऑगस्टमध्ये दिल्लीचा निकाल आला. तरीही त्यानंतर बस्तर, सरगुजा भागात नियुक्त्या दिल्या, पोरं दुर्गम शाळांत जाऊन रुजू झाली, भाड्याने खोल्या घेतल्या, काहींनी आधीची नोकरी सोडली होती. मग हायकोर्टाचा आदेश आला आणि २०२४ संपता संपता जवळजवळ तीन हजार जणांना काढायला सुरुवात झाली. रायपूरला त्यांनी आंदोलनं केली, मुंडण केलं. शेवटी एप्रिल २०२५ ला तिथल्या मंत्रिमंडळाने २,६२१ जणांना विज्ञान प्रयोगशाळेतले सहायक शिक्षक म्हणून सामावून घ्यायचं ठरवलं. छान झालं, पण मग विचार येतो की हे सामावून घेणं जर शक्य होतं तर ते आधी डोकी भादरायला लावून मग करायचं कारण काय? दुसरीकडे सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२४ मध्येच स्पष्ट केलं होतं की ज्यांच्या नियुक्त्या ११ ऑगस्ट २०२३ च्या आधी बिनशर्त झाल्यात त्यांना धक्का नाही. म्हणजे एकच परीक्षा पास, एकच डिग्री, पण एका राज्याची फाईल लवकर हलली म्हणून तिथला माणूस आत आणि दुसऱ्याची टेबलावर पडून राहिली म्हणून तो बाहेर. नोकरी तुमच्या मार्कांवर नाही, कुठल्यातरी बाबूच्या सहीच्या तारखेवर टिकली.

नियुक्तीपत्रात एक वाक्य असतं बघा, ‘सदर नियुक्ती मा. न्यायालयाच्या अंतिम निर्णयाच्या अधीन राहून’. पेढे आणायच्या गडबडीत ते कोणी वाचत नाही. आणि वाचलं तरी काय, नोकरी नको म्हणणार आहे का कोणी?

एनआयओएसच्या (केंद्राच्या मुक्त विद्यालयाच्या) डी.एल.एड.चं, म्हणजे नव्या नावाच्या डी.एड.चं, पण असंच. आरटीई (शिक्षण हक्क) कायद्यात २०१७ ला दुरुस्ती करून सेवेतल्या अप्रशिक्षित शिक्षकांना ३१ मार्च २०१९ पर्यंत मुदत दिली, त्यांच्यासाठी अठरा महिन्यांचा कोर्स काढला. तो कोर्स नवीन भरतीला चालणार का हे तेव्हाच एका ओळीत सांगून टाकायला काय हरकत होती? नाही सांगितलं. पटना हायकोर्ट २०२० ला म्हणालं चालतो, सुप्रीम कोर्ट नोव्हेंबर २०२३ ला म्हणालं की दोन वर्षांच्या डिप्लोम्याच्या बरोबरीचा नाही, मग पुढच्या वर्षी स्पष्टीकरण, की आधीपासून सेवेत असलेल्यांपुरता चालतो. कोर्स काढणारं सरकार, मान्यता देणारं सरकार, आणि तो चालत नाही म्हणून कोर्टात उभं राहणारंही सरकारच.

यावर एक उत्तर हमखास येतं, मागे दुकानात आलेल्या एका रिटायर्ड अव्वल कारकुनांनीच मला ऐकवलं. ते म्हणाले, अरे बाबा देशात विद्यापीठं किती, कोर्स किती, रोज नवीन नावाची डिग्री निघते, सरकारने प्रत्येकाची समकक्षता आधी कुठून शोधायची? मुद्दा खोटा नाही. सिव्हिल इंजिनिअरिंग एका ठिकाणी, त्याचंच दुसऱ्या ठिकाणी कन्स्ट्रक्शन टेक्नॉलॉजी, तिसरीकडे सिव्हिल अँड एन्व्हायर्न्मेंटल. शिवाय काही ठिकाणी विद्यापीठंच लबाड निघतात, काही अभिमत विद्यापीठांनी एआयसीटीईला (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेला) न विचारता दूरशिक्षणाने इंजिनिअरिंगच्या डिग्र्या वाटल्या होत्या, २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या बेकायदा ठरवल्या. २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांना निदान एक परीक्षा देऊन डिग्री वाचवायची संधी दिली, नंतरच्यांना तीही नाही.

पण साहेब, डिग्र्या अमर्याद असल्या तरी अर्ज करणारे मर्यादित असतात. अर्ज घेतानाच मार्कशीटवरचं कोर्सचं नाव आणि विद्यापीठ भरून घेता ना तुम्ही? मग परीक्षेच्या आधी त्या नावांची यादी काढा, वेगवेगळी अशी किती निघतील, दोनशे? तीनशे? तज्ज्ञ बसवा, प्रत्येकासमोर हो किंवा नाही लिहा, वेबसाईटवर टाका, हरकतीला पंधरा दिवस द्या. ज्याला कोर्टात किंवा मॅटमध्ये (प्रशासकीय न्यायाधिकरणात) जायचंय तो परीक्षेच्या आधी जाईल. ‘नाही’ आलेल्याची फी परत करा. एवढं केलं तर पडताळणीच्या टेबलावर फक्त कागद खरा की खोटा एवढंच बघायचं राहील, आणि पडताळणी शब्दाचा अर्थही तोच आहे. फी तर आधीच घेताय, लाखो अर्ज गुणिले हजार रुपये, त्यात एवढं बसत नाही असं कोणी म्हणू नये.

उमेदवारांच्या बाजूनेही सगळं सोवळं आहे असं नाही हं. ‘माझा शेवटच्या सेमचा रिझल्ट लागायचाय पण तुम्ही पास टाका ना’ असं सांगणारे दर भरतीला दोन-तीन भेटतात. त्यांना मी एक जुनी गोष्ट सांगतो. जम्मू-काश्मीरमध्येच ज्युनिअर इंजिनिअरच्या भरतीत काही जणांचा रिझल्ट अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतर पण इंटरव्ह्यूच्या आधी लागला होता. सुप्रीम कोर्टाने आधी दोन विरुद्ध एक अशा मताने त्यांना चालवून घेतलं, आणि १९९७ ला रिव्ह्यूमध्ये ते मत फिरवलं, की पात्रता शेवटच्या तारखेलाच हातात पाहिजे. कारणही रास्त आहे, ज्या प्रामाणिक पोराने ‘आपण बसत नाही’ म्हणून अर्जच केला नाही त्याच्यावर अन्याय होतो. हे पटतं मला. पण मग हीच शिस्त सरकारलाही लागू पाहिजे ना? उमेदवाराला शेवटची तारीख ओलांडता येत नाही आणि सरकार मात्र शुद्धिपत्रकावर शुद्धिपत्रक काढतंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलंच आहे की भरती सुरू झाल्यावर मध्येच निकष बदलता येत नाहीत, नियमात किंवा जाहिरातीत तशी सोय आधीच ठेवली असेल तर गोष्ट वेगळी. ते प्रकरण होतं राजस्थान हायकोर्टातल्या १३ अनुवादकांच्या जागांचं, परीक्षा झाल्यावर ७५ टक्क्यांची अट आणली आणि २१ जणांतले फक्त तिघे राहिले. जाहिरात २००९ ची, घटनापीठाचं उत्तर २०२४ ला. पंधरा वर्षं! तेव्हाची पोरं आता स्वतःच्या पोरांचे फॉर्म भरत असतील.

आणि हो, खोट्या सर्टिफिकेटवाल्यांना यात मिसळू नका. आपल्याकडे २०१९-२० च्या टीईटीत (शिक्षक पात्रता परीक्षेत) पैसे देऊन पास झालेल्या साडेसात हजारांहून जास्त जणांची यादी निघाली, त्यांच्यावर बंदी आली, बरोबरच झालं. तो चोरीचा मामला आहे. पण पेपरात दोन्ही बातम्या एकाच मथळ्याखाली येतात, ‘अपात्र शिक्षक’. एकाने पैसे चारले आणि दुसऱ्याने राजपत्र वाचून अर्ज केला, आणि गावात दोघांकडेही लोक सारख्याच नजरेने बघतात.

सरकारला नीट लिहिता येतच नाही असंही नाही. तलाठी भरतीत एमएस-सीआयटीचं बघा, नसेल तर नियुक्तीपासून दोन वर्षांत करून द्या असं स्पष्ट लिहिलेलं असतं. क्लार्क-टायपिस्टला मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा स्पीड, आकड्यात. यावर ‘समकक्ष’ म्हणजे काय असं मला काउंटरवर कोणी विचारत नाही.

आता शेवटचं, जे गेल्या वर्षापासून चालूय. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आरटीईच्या आधी लागलेल्या शिक्षकांनाही टीईटी पास व्हावं लागेल, दोन वर्षांत, नाहीतर नोकरी सोडा. रिटायरमेंटला पाच वर्षांपेक्षा कमी राहिलीत ते नोकरीपुरते सुटले, पण प्रमोशन हवं असेल तर त्यांनाही टीईटी. इथं मात्र मी कोर्टाशी सहमत नाही, आणि माझी डी.एड.ची बाजू घेऊन बोलत नाहीये. पोरांना चांगला शिक्षक मिळायचा हक्क आहे हे शंभर टक्के मान्य. पण ज्या माणसाने १९९८ ला त्या वेळच्या सगळ्या अटी पूर्ण करून नोकरी घेतली, त्याच्यासमोर २०१० ला जन्मलेली अट २०२५ ला आणून ठेवायची, तीही ऑप्शनला गोल करायच्या पेपरची? त्याला शिकवता येतं का हे बघायचंय तर जा ना वर्गात, बसा मागच्या बाकावर तीन दिवस. तेवढे अधिकारी नाहीत म्हणून पेपर घेता, हे उघड बोला.

मला चौथीला शिकवलेले सर मागच्या ऑक्टोबरात दुकानात आले, टीईटीचा फॉर्म भरायला. वय ५१, म्हणजे सवलतीत बसत नाहीत, दोन वर्षांनी हुकले. मुलीने घरून भरायचा प्रयत्न केला होता, अर्धवट राहिला. मी त्यांना आतल्या खुर्चीवर बसवलं, चहा सांगितला. शैक्षणिक अर्हतेच्या पानावर आलो. सरांनी पिशवीतून नव्वदच्या दशकातलं डी.एड.चं प्रमाणपत्र काढलं, प्लॅस्टिकला चिकटलेलं. मी ड्रॉपडाऊन उघडला आणि ती लांबलचक यादी खाली-वर करायला लागलो. सर चष्मा पुसत म्हणाले, ‘‘काय रे, माझं सापडतंय का त्यात?’’